सड्यावर पडलेलं पाणी शेवटी जातं कुठे? – आपल्या पायाखालचा गोवा नीट बघणाऱ्यांसाठी धागा

ओझरवाट (डिचोली)

नमस्कार मंडळी,

पाऊस लागलाय म्हणून हा धागा आत्ताच काढते, ऑगस्टात काढला तर अर्धं बघायचं राहून गेलेलं असेल. विषय साधा आहे. आपण राहतो ती जागा, म्हणजे घरापासून चालत जाता येईल एवढाच परिसर, वर्षभर नीट बघायचा. फिरायला जाणं वेगळं आणि बघणं वेगळं. आपण दूधसागर करून येतो, पाहुणे आले की त्यांना तांबडी सुर्लाच्या देवळाला नेतो, पण आपल्या घरच्या बावीला पाणी कुठल्या डोंगरातनं येतं असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतात. पुस्तकातल्या जलचक्रात ढग, बाण, समुद्र सगळं असतं, शाळेमागचा सडा तेवढा नसतो.

माझं म्हणणं एवढंच की गोव्याची जमीन समजून घ्यायची असेल तर पाण्याच्या मागे मागे जा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मग एप्रिल-मे मध्ये झरीला पाणी कसं काय असतं? उत्तर सड्यात आहे. सडा म्हणजे उन्हाळ्यात बघाल तर काळा उजाड कातळ, ज्याला लोक सरळ पडीक म्हणून मोकळे होतात, पण जांभा दगड आतून भोकाभोकांचा, तो स्पंजसारखं पाणी पिऊन घेतो आणि पायथ्याला जिथे शेडी लागते, म्हणजे ती पांढरट-जांभळी चिकण माती, तिथे पाण्याला आणखी खाली जाता येत नाही म्हणून ते आडवं सरकून झरीतनं बाहेर पडतं. तिथून कुळागर (पोफळी-माडांची बाग), कुळागरातून शेत, शेतातून खाजन (नदीकाठची बांध घातलेली जमीन), आणि खाजनातून मानशीवाटे, म्हणजे बांधातल्या दारातून, नदी. जुनी माणसं शेताची मोरड, खेर आणि खाजन अशी वाटणी करायची ती याच उतारावरची आहे, वरून खाली.

आता प्रत्यक्ष बघायचं काय, तर एक उदाहरण देते. आमच्या इथल्या सड्यावर ताटाएवढा एक खळगा आहे, बोटभर खोल. पहिल्या पावसात त्यात नुसतं गढूळ पाणी साचतं. मग तळाशी हिरवा-काळा बुळबुळीत थर धरतो. जुलैत काठाने बारीक गवत येतं, त्यात गेंदाची पांढरी बोंडं डोकावतात, आणि ऑगस्टच्या सुमाराला पाणी जरा स्थिरावलं की सीतेची आसवं फुलतात, निळी-जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. ही वनस्पती मुळाजवळच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते कारण कातळावरच्या त्या चिमूटभर मातीत खायला काही नसतंच. शेजारीच दवबिंदू, तोही किडे पकडणारा. एवढं सगळं ताटभर जागेत, आणि माणसं त्यावरून स्कूटर घालून जातात कारण त्यांना तिथे फक्त ओला दगड दिसतो.

तर तुम्ही कुठे राहता, तिथलं पाणी कुठून येतं, कुठे जातं, तुम्ही काय बघितलंय ते इथे लिहा. मोठं काही नको, शेजारचा व्हाळ (ओढा) सुद्धा चालेल.

निळीशाई (पणजी)

मस्त धागा बाई. शहरातल्यांना वाटतं की हे सगळं गावाकडचं काम, पण पणजीतसुद्धा हेच आहे हो. आल्तिनची टेकडी जांभ्याची, तिच्यावर पडलेलं पाणी पायथ्याला मळा भागात फोंते फेनिक्सच्या झऱ्याला येतं आणि दुसऱ्या अंगाला बोका द वाकाच्या झऱ्याला. तिथल्या फोंतायन्यश या जुन्या वस्तीचं नावच मुळी झऱ्यांवरून पडलंय. लोक तिथे रंगीत घरांसमोर फोटो काढतात, वर टेकडीकडे मान करून कोणी बघत नाही.

मी ऑफिस सुटल्यावर पाटोवरून रायबंदरच्या रस्त्याने चालते, तो जुना पूल, पोंत द लिन्यारिश, १६३३-३४ सालचा, जवळजवळ तीन किलोमीटर लांब. गाडीतून जाताना तो पूल आहे हेसुद्धा कळत नाही, साधा रस्ता वाटतो. चालताना मात्र एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी नि दलदल, आणि भरतीच्या वेळी थांबून खाली बघितलं तर कमानींमधून पाणी आत घुसताना दिसतं, ओहोटीला तेच उलटं. म्हणजे पूल बांधणाऱ्यांनी नदीला आत-बाहेर करायला वाट ठेवली होती. आणि एकदा हे बघितलं की पणजीत पाणी का तुंबतं तेही समजायला लागतं. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारातलं पाणी नदीत जाणार कसं, नदीच वर आलेली असते. गटारं साफ असावीत हे खरंच, पण पावसाच्या दिवसांत मी आता आधी भरतीची वेळ बघते आणि मग गाडी कुठे लावायची ते ठरवते.

पर्वरी_फ्लॅट

आमची पर्वरी तर अख्खी सड्यावरच वसलेली आहे, पण आता कातळ शोधावा लागतो. आमच्या बिल्डिंगमागे एक रिकामा प्लॉट आहे, कुंपणाच्या आत, तिथे अजून थोडा शिल्लक आहे. धागा वाचून काल रात्री बाल्कनीत लाईट बंद करून बसलो आणि नुसतं ऐकलं. बेडकांचे निदान तीन वेगवेगळे आवाज येतात, एक टकटक करणारा, एक ओरबाडल्यासारखा आणि एक बारीक, तो पाऊस थांबला की लगेच सुरू होतो. कुठला कोण ते कोणी सांगू शकेल का?

सत्तरीकार (वाळपई)

@पर्वरी_फ्लॅट, आवाज रेकॉर्ड करून ठेवा, ओळख नंतर होईल. सड्यावरच्या आणि शेतातल्या बेडकांकडे आपण लक्षच देत नाही. २०१८ साली गोव्यातून बेडकाची एक नवीन जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, तिचं नावच फेजरवार्या गोएमची, म्हणजे गोंयची. कुठल्या निबिड रानातली नाही, भातशेतात आणि पठारावर राहणारी. आपल्या आजोबा-पणजोबांनी तिचं ओरडणं आयुष्यभर ऐकलं असणार.

खाजनपोर (दिवाडी)

बाईंनी पाणी मानशीपर्यंत आणून सोडलंय तर पुढचं मी सांगतो, कारण आमचं घर खाजनाच्या कडेला आणि वडील अजून कोरगुट भात करतात.

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून काढलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर आहे. मातीचा बांध, त्याला बाहेरून जांभ्याचे दगड, नदीच्या बाजूला खारफुटी लाटांचा मार झेलायला, आणि बांधात एका ठिकाणी मानस. मानशीची दारं लाकडी, ती नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि नदी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. मोटर नाही, वीज नाही, रात्री उठून कोणी चक्र फिरवायला नको. भरती आली, दार बंद. ओहोटी लागली, दार उघडं. शेकडो वर्षं हे असंच चाललंय.

जवळून बघायचं असेल तर ओहोटी सुरू होताना मानशीवर उभं राहा. आधी काहीच होत नाही, दोन्हीकडचं पाणी सारख्या पातळीला असतं आणि दारं नुसती किंचित हलतात, लाकूड लाकडावर घासल्याचा आवाज येतो. मग खालच्या फटीतून एक बारीक धार बाहेर निघते, तिचा रंग नदीपेक्षा वेगळा, जरा तपकिरी. थोड्या वेळाने दारं एकदम मागे ढकलली जातात आणि आतलं पाणी धो धो बाहेर. दारासमोर आतल्या बाजूला खोल डोह असतो त्याला आम्ही पोंय म्हणतो, तिथे मासे जमलेले असतात, मानशीला जाळं लावून सुंगटं (कोळंबी) धरायची ती याच वेळी. या मासेमारीची दरवर्षी पावणी (लिलाव) होते आणि पूर्वी त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची.

जूनमधला पहिला पाऊस आम्ही पेरणीसाठी धरतच नाही. तो मीठ धुवायला. शेतात गोडं पाणी साचू द्यायचं, ओहोटीला मानशीतून सोडायचं, परत साचवायचं. माती चाखून बघणारे लोक मी पाहिलेत, जिभेला खारट लागेनाशी झाली की मगच बी टाकायचं. आणि कोरगुट हे भात मुळातच खारं सोसणारं आहे, दुसरं बी टाकाल तर जळून जाईल.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते हे की बांध फुटला की पेपरात बातमी येते, पण बांध फुटायच्या आधी वर्षभर सांगत असतो. खेकड्यांची बिळं वाढतात, आतल्या बाजूला एका जागी माती ओलसर राहायला लागते, तिथे खाऱ्या मातीतलं गवत उगवतं. रोज बांधावरून चालणारा माणूस असेल तर त्याला ते दिसतं, दोन घमेली चिखल टाकला की काम भागतं. आता चालणारंच कोणी नाही आमच्यात. बांधावरचं चालणं हीच त्याची निम्मी देखभाल होती.

पुणेकर_सध्या_मडगाव

खाजनपोर, हे वाचून अंगावर काटा आला. मी नोकरीनिमित्त इकडे आलोय, बीच सोडून काही माहीत नाही हे खरं. मला कोणी सांगेल का की सुरुवात कशी करायची? म्हणजे झाडं ओळखता येत नाहीत, पक्षी ओळखता येत नाहीत, कोंकणी जेमतेम समजते.

ओझरवाट (डिचोली)

@पुणेकर, झाडांची नावं नंतर आपोआप येतील, त्यासाठी अडून राहू नका. आधी एक जागा ठरवा जिथे तुम्ही कंटाळा न करता वारंवार जाऊ शकाल, सुंदर असलीच पाहिजे असं नाही, मडगावात तर साळ नदी आहे, कुठल्याही छोट्या पुलाचा कठडा चालेल. तिथे दर वेळी त्याच जागी उभं राहून त्याच दिशेने एक फोटो काढा. मग मोबाईल खिशात ठेवा आणि थोडा वेळ काहीही न करता उभे राहा. पाणी कुठल्या दिशेला वाहतंय, वर आहे की खाली, रंग काय, वास कसला, काठावर ओल कुठपर्यंत आहे. वहीत तारखेबरोबर तिथी पण लिहा, भरती-ओहोटी तिथीवर चालते आणि गावातली म्हातारी माणसं अजून तिथीनेच बोलतात. आणि तिथे कोणी गरी टाकून बसलेला दिसला तर त्याच्याशी बोला. जेमतेम कोंकणी चालेल हो, माणसं मराठीत उत्तर देतात, आणि त्या जागेबद्दल विचारलं की बहुतेकांना बोलायला आवडतं कारण त्यांना हे कोणी विचारलेलंच नसतं.

एक गोष्ट मात्र करा. जो नकाशा मोबाईलवर दिसतो त्यात जुन्या वर्षांची उपग्रह छायाचित्रं बघायची सोय कॉम्प्युटरवर असते, ती उघडून आपलीच जागा मागे नेऊन बघा. आमच्या तालुक्यात तर डोंगराच्या रेषाच बदलल्यात, खाणी २०१२ साली थांबल्या, नंतर सुरू-बंद होत राहिल्या, पण जुने डंप, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे ढीग, उभे आहेत आणि काही ठिकाणी आता त्यांच्यावर झाडं आलीत, नवीन माणसाला तो डोंगरच वाटेल. कुठला डोंगर मुळचा आणि कुठला टाकलेला हे ओळखता येणं हासुद्धा बघण्याचाच भाग आहे.

कुळागरवाली (फोंडा)

बाई, मधला टप्पा माझा! आमच्या कुळागराला डोंगरातनं झर आहे, वर तळी, तळीतून पाट, आणि पाटाचं पाणी वाटून घ्यायला घराघराच्या पाळ्या ठरलेल्या. आमची पाळी असते त्या दिवशी पहाटे जाऊन पाट फिरवायचा. म्हणजे खोऱ्याने चिखलाचा बांध एका बाजूला काढायचा आणि दुसऱ्या बाजूला घालायचा, पाणी जिथे निसटतं तिथे पोफळीच्या झावळीची पोय आडवी लावायची. पाणी पहिल्या माडाच्या आळ्यात शिरलं की सुकी पानं तरंगत वर येतात, आळं भरलं की पुढचं. वरच्या मेरेला पोफळी, मध्ये केळी, पोफळीवर मिरी चढवलेली, सावलीत जायफळ. एवढं सगळं एका झरीच्या जिवावर.

आणि झर पाऊस पडल्या पडल्या वाढत नाही हे मी लग्न होऊन इथे आल्यावर शिकले. जूनमध्ये धो धो पाऊस असतो तेव्हा झर जेमतेमच, मग मागाहून, जुलै उलटता उलटता ती जोर धरते, आणि पाऊस गेल्यावरही बराच काळ तशीच राहते. सासूबाई कळशी लावून मोजायच्या, कळशी भरेपर्यंत अमुक एक आरती म्हणून होते की नाही. मी मोबाईलवर सेकंद मोजून वहीत लिहिते. वर सड्यावर एका बाजूला प्लॉटचं काम सुरू झालंय, त्यामुळे आता ही वही जपून ठेवायची ठरवलीय.

रेतीबंदर

सगळं वाचलं, चांगलं लिहिताय सगळे. पण राग येतो म्हणून स्पष्ट विचारतो, नुसतं बघून काय होणार? आमच्या डोळ्यांदेखत डोंगर कापला गेला, आम्ही रोज बघतच होतो की. फुलं मोजून आणि बेडूक ऐकून जेसीबी थांबत नाही.

ओझरवाट (डिचोली)

@रेतीबंदर, राग बरोबर आहे आणि तो मलाही येतो. पण डोंगर कापायला घेतला की आपण ग्रामसभेत उभे राहून काय बोलतो? की हा डोंगर चांगला होता, इथे लहानपणी करवंदं खाल्ली. समोरचा म्हणतो जमीन पडीक आहे. तिथे कुळागरवालीची वही असेल, कुठल्या महिन्यात झर किती, काम सुरू झाल्यावर किती, तर ते बोलणं वेगळं होतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून बघा. त्यात आपली झर, आपली तळी, आपला सडा लिहिलाय का? नसेल तर लिहून घ्या. ज्याने बघितलंय तोच ते सांगू शकणार, बाहेरून आलेला माणूस एका दिवसात ते सांगू शकत नाही.

एकचौदा

बाईंच्या बोलण्यात भर घालतो, कागदाचं काम केलंय म्हणून. एक-चौदाचा उतारा (सातबारासारखा जमिनीचा कागद) आणि सर्व्हे नकाशा घेऊन जमिनीवर जा आणि मिळवून बघा. व्हाळ नकाशावर कुठे दाखवलाय आणि आत्ता कुठे आहे, पायवाट कुठे आहे. खाजनाच्या बाबतीत २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमं आहेत, खाजन जमीन राखायची, तिथे विकासकामं नाहीत. पण ती जमीन खाजनच आहे हे दाखवायला मानस, बांध, पोंय जागेवर दाखवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी ते ओळखणारा माणूस गावात पाहिजे. आपल्या गांवकाऱ्यांचे, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक संस्थांचे, रीतिरिवाज १५२६ साली पोर्तुगीजांनी फोराल नावाच्या सनदेत लिहून घेतले, त्याच्या कितीतरी आधीपासून लोक हे बांध सांभाळत होते. गावाने मिळून लक्ष ठेवायची ही जुनी व्यवस्था आहे, आपण नवीन काही मागत नाही.

रेतीबंदर

पटलं. नोंदवहीचं उद्याच विचारतो पंचायतीत.

नदीकाठचा (केपे)

आमच्या कुशावतीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. रिवणजवळ उसगाळीमळ इथे नदीच्या अगदी काठावर जांभ्याच्या कातळावर कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, मोर, माणसं आणि एक मोठं वेटोळ्यांचं चक्रव्यूह. १९९३ साली ती अभ्यासकांच्या नजरेत आली, गावच्या लोकांना कातळावर काहीतरी आहे हे त्याआधीपासून ठाऊक होतं. आता ती कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

माझं सांगणं वेगळं आहे. भर दुपारी जाऊ नका, काही दिसणार नाही आणि मग लोक म्हणतात एवढ्यासाठी आलो का. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उन्हात खोबणीच्या एका कडेला सावली पडते आणि आधी नुसत्या ओरखड्यासारखी दिसणारी रेघ शिंगाची होते, मग पाठीची, आणि बैल उभा राहतो. मी तर म्हणतो कोरणाऱ्यांनी ती जागा नीट पारखून घेतली असणार, कातळ सपाट, नदी शेजारी, पावसाळ्यात पूर आला की पाणी वरपर्यंत येऊन चित्रांवर गाळ टाकून जातं. इतकी वर्षं ती टिकली त्यात त्या गाळाचाही हात असावा असं मला वाटतं.

जांभ्याबद्दल अजून एक. फ्रान्सिस बुकॅननने केरळात हा दगड पाहून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटराइट नाव दिलं, कारण लोक तो विटांसारखा कापत होते. कापताना मऊ, उघड्यावर राहिला की टणक. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुसचा बाहेरचा गिलावा गेल्या शतकाच्या मध्याला काढून टाकला, म्हणून ती आपल्याला तांबडी दिसते, पण जांभा कितीही टणक झाला तरी पावसाचा मार त्याला सोसत नाही, भिंतीजवळ उभं राहून बघा, दगड कुठे कुठे कसा खाल्ला गेलाय ते दिसेल.

निळीशाई (पणजी)

नदीकाठचा, तुमची पोस्ट वाचून रविवारी गेलो होतो. बैल दिसला! चक्रव्यूह बघताना मात्र बोटाने रेघ गिरवायचा मोह फार होतो, कोणी करू नका प्लीज, तिथे एक कुटुंब मुलांना त्यावर उभं करून फोटो काढत होतं, आम्ही सांगितल्यावर उतरवलं त्यांनी.

सत्तरीकार (वाळपई)

यावरूनच एक विनंती. बांबरला नीरंकाराची राय आहे, देवाची राय. आत गोड्या पाण्याची दलदल आणि त्यात रानजायफळाची झाडं, ज्यांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. असली दलदल सह्याद्रीत फार थोड्या ठिकाणी उरलीय, आणि इथे ती उरली याचं कारण देव. राईतली फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही न्यायचं नाही. लोकांनी शेकडो वर्षं पाळलं. आता तिथे ड्रोन घेऊन माणसं येतात. राईचं नाव सगळीकडे छापून आलंय त्यामुळे ते लपवून उपयोग नाही, पण आपल्याला अजून कोणाला माहीत नसलेली एखादी झर, एखादं फुलांचं पठार सापडलं तर लोकेशन टाकू नका. फोटो टाका, तालुका लिहा, बस्स. आणि राईत जायचं तर गावातल्या माणसाबरोबर, चपला बाहेर काढून.

पर्वरी_फ्लॅट

मी थोडा वेगळा विचार मांडतो. माहितीच नसेल तर वाचवणार कोण? आमच्या मागच्या प्लॉटबद्दल कोणालाच माहीत नाही, उद्या तिथे बिल्डिंग उभी राहील.

सत्तरीकार (वाळपई)

तुमच्या प्लॉटचं वेगळं आहे, तिथे धोका बिल्डिंगचा आहे, तिथे जेवढ्या लोकांना कळेल तेवढं बरं. माझ्या राईला धोका पायांचा आहे. जागा बघून ठरवायचं. आणि पंचायतीच्या नोंदवहीत दोन्ही असावीत.

माटोळीवाली (साखळी)

चवथ झाली आणि आत्ता सवड मिळाली. या धाग्यामुळे यंदा माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं टांगतो ती चौकट, वेगळ्या रीतीने केली. दरवर्षी बाजारातून वाटा आणतो तसाच यंदाही काही आणला, पण मुलाला घेऊन ठरवलं की प्रत्येक वस्तू कुठल्या जमिनीवरची ते विचारायचं. बाजारात बसणाऱ्या बायका एवढ्या आवडीने सांगतात! घागऱ्यो उघड्या माळावर, वाटेच्या कडेला, सुकल्या की आतलं बी खुळखुळतं. कवंडळं रानाच्या कडेला झाडावर चढलेल्या वेलीची, लाल झाली की लांबून दिसतात. माट्टी डोंगरातली, कांगलां पण रानातली वेल. सुपारीचा घड नि नारळाची पेण कुळागरातली. म्हणजे गणपतीच्या डोक्यावर सड्यापासून कुळागरापर्यंतची सगळी जमीन टांगलेली असते आणि आपण ती डेकोरेशन म्हणून बघतो. मुलाने कागदावर प्रत्येकाच्या समोर जागा लिहिली, काही जागा रिकाम्या राहिल्या, त्या पुढच्या वर्षी भरायच्या म्हणतो.

एका म्हातारीने सांगितलं की काही वस्तू आता मिळायला लांब जावं लागतं. कुठल्या ते लिहून ठेवलंय.

कुळागरवाली (फोंडा)

माटोळीवाली बाय, हा कागद स्कॅन करून इथे टाक ना!

दुर्भाटकार

खाजनांची गोष्ट निघाली म्हणून. आमच्या बाजूला पौष अमावास्येला मानगे थापणी असते. जुवारीकाठच्या चिखलाची मगर करतात, शिंपल्या लावून अंग करतात, पिल्लू किंवा अंडं ठेवून पूजा करतात. खाजनाचं, बांधाचं आणि माणसांचं रक्षण कर म्हणून. नदीत मगरी आहेतच, कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही दिसतात. ज्या प्राण्याला घाबरायचं त्याची आपल्याच नदीच्या चिखलातून मूर्ती करायची, या रिवाजाचं मला फार मोल वाटतं. यंदा कोणाला यायचं असेल तर या, पण कॅमेरा मागे ठेवून उभे राहा, पूजा चालू असते.

पुणेकर_सध्या_मडगाव

अपडेट. साळ नदीवरची एक जागा धरलीय, वही चालू आहे, गरीवाले काका ओळखीचे झालेत. आता मला मानस उघडताना बघायचीय, खाजनपोर, कधी येऊ? भरतीची वेळ बघायला ॲपच लागतं का?

खाजनपोर (दिवाडी)

ॲप बघा, पण ॲपशिवाय पण जमतं. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अंदाज आहे हा, तासभर इकडेतिकडे होतो आणि नदीत जेवढं आत जाल तेवढा उशीर, मांडवीत तर भरती समुद्रापासून साधारण ५० किलोमीटर आत गांजेपर्यंत जाणवते. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा फरक मोठा आणि मानस जोरात उघडते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा एवढी गंमत नाही.

कोजागिरीनंतरची चतुर्थी धरू. चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, पहाटे तीनला भरती, नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. दार उघडतं तो नेमका क्षण अंधारातच होऊन जाईल, तो बघायचा असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या, वडील घेऊन जातील टॉर्च घेऊन. बाकीच्यांनी सकाळी सात धरा, तेव्हा पाणी जोरात बाहेर पडत असेल आणि जाळं लागलेलं असेल. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने या, गाड्या धक्क्यावरच ठेवा. बांधावरून एकामागोमाग चालायचं, कडेला पाय द्यायचा नाही, तिथे खेकड्यांनी पोखरलंय. कोण कोण येतंय ते खाली लिहा म्हणजे वडिलांना सांगून ठेवतो.

ओझरवाट (डिचोली)

माझं नाव घाला, मी मुक्कामाला येणार. शेजारची दोन मुलं पण आहेत, त्यांना बांधावर हाताला धरून नेईन. संकष्टी आहे त्या दिवशी, उपासाचं मी आणते सगळ्यांपुरतं.

रेतीबंदर

मी पण. नोंदवही मिळाली पंचायतीत, त्यात आमची झर नाही. एकचौदा, तुम्ही येणार असाल तर सर्व्हे नकाशा घेऊन येतो, तिथे बसून बघू.